अकराशे आठ वाचक

वाचनालयाला मोजणीचं यंत्र बसवलं त्याच संध्याकाळी हरेश्वर शिपाई धापा टाकत विनिता मॅडमच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, अकराशे सेहेचाळीस."

"काय अकराशे सेहेचाळीस?"

"माणसं. आज वाचनालयात आलेली."

विनिता मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. कॉलेजात विद्यार्थी होते सहाशे बारा. त्यातले दीडेकशे एकदम परीक्षेलाच उगवायचे. उरलेल्यांपैकी वाचनालयाकडे वळणारे कोण कोण, हे ग्रंथपाल मटिल्डाबाईंच्या नोंदवहीत रोज लिहिलेलं असे. कधी चौदा, कधी सतरा. एकदा बावीस झाले होते, पण त्या दिवशी कँटीन बंद होतं.

"यंत्र बिघडलंय का रे?"

"नाही मॅडम. मी स्वतः चारदा आतबाहेर करून बघितलं. चारच वाढले."

उमेळे गावातल्या केळी-मोगऱ्याच्या वाड्यांना लागून असलेलं हे कॉलेज. दर पाच वर्षांनी तिथे मूल्यांकन समिती येई आणि कॉलेजला श्रेणी देऊन जाई. त्या श्रेणीसाठी सगळ्याचा आकडा लागे: झाडं किती, नळ किती, प्राध्यापकांचे निबंध किती, पंखे किती आणि त्यातले फिरणारे किती. हे आकडे गोळा करणाऱ्या गुणवत्ता कक्षाच्या प्रमुख म्हणजे विनिता मॅडम. सकाळी विरारच्या फुलपाड्याहून निघायच्या, कॉलेजात येऊन फायलींच्या ढिगाऱ्यामागे बसायच्या, त्या संध्याकाळीच उठायच्या. सहा वर्षांत त्या वाचनालयात दोनदा गेल्या होत्या. एकदा खुर्च्या मोजायला आणि एकदा त्या पुन्हा मोजायला.

या वेळी वाचनालयाचा आकडा सगळ्यांत नाजूक होता. जूनच्या सभेत संस्थेचे अध्यक्ष शत्रुघ्नराव टेबलावर बोट आपटून म्हणाले होते, "चौदा माणसांसाठी एवढा हॉल? यंदा वाचनालयाला बरे शेरे मिळाले तर ठीक. नाहीतर पुस्तकं जिमखान्याच्या कपाटांत जातील, आणि तिथे आपण गारेगार सभागृह करू."

मटिल्डाबाईही त्या सभेत होत्या. एकतीस वर्षं त्या हॉलमध्ये काढलेली बाई. मागच्या खिडक्यांतून केळीची पानं आत डोकावायची, त्यांच्या हिरव्या उजेडात बसून तिने कार्डं लिहिली, फाटकी पानं चिकटवली, केस पांढरे केले. ती परत गेली आणि सकाळी पुसलेलं कपाट तिने पुन्हा एकदा पुसून काढलं.

म्हणून अकराशे सेहेचाळीस हा आकडा विनिता मॅडमना देवानेच पाठवल्यासारखा वाटला. पंधरा दिवस यंत्राने असेच आकडे दिले. सरासरी निघाली अकराशे आठ. अहवाल भरायची मुदत पाच वाजता संपत होती, घड्याळात चार पन्नास झाले होते. मॅडमनी डोळे मिटले, '११०८' टाइप केलं आणि बटण दाबलं.

आठ दिवसांनी समितीचं पत्र आलं. मोजून दोन ओळींचं. "आपले विद्यार्थी ६१२. वाचनालयात रोज ११०८. हे वाचक कोण, ते कळवावे."

विनिता मॅडम पत्र हातात घेऊन तशाच वाचनालयाकडे धावल्या. दारातच कुणीतरी मागून म्हणालं, "मॅडम, जरा साइड."

त्या बाजूला झाल्या. रॉकी पाववाला सायकल हातात धरून आत शिरला. मागे पावांचं गाठोडं होतं. वाचनालय आहे याचं भान ठेवून घंटी त्याने अगदी हळू वाजवली, आणि इतिहासाच्या कपाटाला वळसा घालून तो पलीकडच्या दाराने निघून गेला. समोरून डोक्यावर मोगऱ्याची पाटी घेतलेल्या शांताकाकू आल्या. त्यांच्या मागे खांद्यावर केळीचा घड घेऊन जगन्नाथआबा. आबांच्या मागे आणखी सात बाया, दोन शाळकरी पोरी, एक बकरी. बकरी मात्र मटिल्डाबाईंनी अडवली.

"शांता, किती वेळा सांगितलं, हिला आणायची नाही आत."

"अगो, ती मागं मागं येतेच. मी काय आनते?"

वाचनालयाला दोन दारं होती. एक कॉलेजच्या व्हरांड्यात, दुसरं मागे वाडीत. आणि दोन्ही दारांमधून माणसं अशी वाहत होती, जसं पाटाचं पाणी केळींच्या बुंध्यांमधून वाहतं.

"मटिल्डाबाई," विनिता मॅडम पत्र पुढे धरून म्हणाल्या, "हे काय आहे?"

"वाट," मटिल्डाबाई म्हणाल्या. "मागे तो टॉवर झाला ना, त्यांनी कंपाउंड घातलं आणि वाडीची पायवाट बंद झाली. बाजाराच्या रस्त्याला लागायचं तर अर्ध्या तासाचा वळसा. डोक्यावर ओझं घेऊन बायका वळसा घालणार? मी म्हटलं, माझ्याकडे दोन दारं आहेत. पाय पुसा आणि जा."

"किती वर्षं चाललंय हे?"

"चार."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही आकडा विचारलात, मॅडम. माणसं नाही विचारलीत."

शांताकाकू हे ऐकत दारात थबकल्या होत्या. वाडीत फुलं तोडताना ओव्या रचायची त्यांना सवय होती, तोंडाला कुलूप नव्हतं. पाटी सावरत त्यांनी तिथेच सूर लावला:

"वाडीच्या वाटेवरी, कुनी घातली गो भिंत,
मटिल्डाच्या पुस्तकांत, वाट माझी गो निवांत."

"काकू, वाचनालयात गायचं नाही," विनिता मॅडम कळवळून म्हणाल्या.

"गात नाय गो. सांगते."

प्राचार्य जयवंत सर मऊ स्वभावाचे. संकट आलं की ते आधी आल्याचा चहा मागवत. चहा येईपर्यंत विनिता मॅडमनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "सर, आकडा मागे घेऊ या."

"पोर्टल बंद झालंय. आकडा आता मागे येत नाही, आपल्यालाच त्याच्या मागे जायचंय." सरांनी एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. "लिहा. सदर वाचनालय परिसरातील ग्रामस्थांसाठी मुक्तद्वार असून, ग्रामस्थ त्याचा दैनंदिन लाभ घेतात. यात खोटं काय आहे?"

"लाभ घेतात म्हणजे चालत जातात, सर."

"लाभच झाला ना? अर्धा तास वाचतो."

उत्तरावर ग्रंथपालाची सही लागणार होती. मटिल्डाबाईंनी कागद दोनदा वाचला आणि परत ढकलला. "यात खाली 'वाचक' लिहिलंय. ते वाचत नाहीत. मी खोट्यावर सही केली तर रविवारी चर्चमध्ये फादरांना सांगावं लागेल. आणि आमचे फादर शत्रुघ्नरावांचे दोस्त आहेत."

"अहो, पण हॉल जाईल तुमचा!"

हे ऐकल्यावर बाई खिडकीशी गेल्या. खिडकीतून केळीचं एक पान आत आलं होतं, ते त्यांनी हलक्या हाताने बाहेर सारलं. मग म्हणाल्या, "सही करते. पण उद्यापासून हे वाक्य खरं करायचं. जो या दारातून येईल तो पुस्तक घेऊन चालेल. रिकाम्या हाताने वाट नाही."

उत्तर गेलं. समितीलाही ते फार आवडलं. तिसऱ्याच दिवशी उलट पत्र आलं: "अत्यंत स्तुत्य उपक्रम. भेटीच्या वेळी या ग्रामस्थ-वाचकांशी बोलायला आवडेल." भेटीला तीन आठवडे होते.

सही केली त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच मटिल्डाबाई व्हरांड्याच्या दाराशी एक टेबल आणि वाडीच्या दाराशी एक टेबल मांडून बसल्या. या टेबलावरून पुस्तक उचलायचं, त्या टेबलावर ठेवायचं. मधल्या चाळीस पावलांत निदान उघडायचं.

"मटिल्डा, माज्या डोक्यावर पाटी हाय. पुस्तक धरू कशी?" शांताकाकूंनी विचारलं.

"पाटीत ठेव."

मग पुस्तकं पाटीतून जाऊ लागली. साहजिकच सगळ्यांनी हलकी पुस्तकं निवडली. हलकी पुस्तकं म्हणजे कवितांची. वीस वर्षं ज्यांच्यावर तारखेचा शिक्का उमटला नव्हता, ते संग्रह आठवडाभरात सगळ्यांत जास्त फिरले. संध्याकाळी ती कपाटात परत लावताना कुणाच्या पानांत मोगऱ्याची कळी निघे, कुणाच्या पाठीवर पावाचा चुरा. मटिल्डाबाई चुरा झटकायच्या, कळी मात्र तशीच राहू द्यायच्या.

पहिली गडबड जगन्नाथआबांनी केली. त्यांनी चुकून जाड पुस्तक उचललं, 'केळीवरील रोग आणि उपाय'. मधोमध चालता चालता ते थांबले. खांद्यावरचा घड खाली ठेवला.

"मटिल्डा! हे कोनी लिवलं?"

"हळू, आबा. काय झालं?"

"करप्याला म्हनतो, पानं काढून वाडीतच कुजवा. अरे, वाडीतच कुजवलीस तर रोग कुठं जाईल? सासरी?" आबांनी खिशातून पेन्सिल काढली.

"पुस्तकावर लिहायचं नाही!"

"मग काय करू? चुकीचं ठेवू?"

"कागद देते. बसून लिहा."

आबा बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. चूक शोधणं हा त्यांचा जन्माचा आनंद, आणि इथे छापील चुका फुकट मिळत होत्या. ते काय खोडतात ते बघायला वाडीतले चौघे उभे राहिले. उभं राहून पाय दुखले, म्हणून तेही बसले. एकाला वेलींच्या मशागतीचं पुस्तक सापडलं, पण तो शेजारच्याला वाचू देईना, म्हणून शेजाऱ्याने दुसरं शोधलं.

शांताकाकूंचं निराळंच झालं. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. एका खेपेला एक पान, असं त्यांनी एका गोष्टीच्या पुस्तकाचं ठरवलं होतं. सकाळी जाताना एक, येताना एक. पण आठव्या पानावर गोष्टीतली सून घर सोडून निघाली.

"मटिल्डा, ही कुठं गेली गो?"

"पुढच्या पानावर आहे."

"ते मना उद्या कळनार?"

"तुझा नियम तूच केलास."

काकूंनी पाटी उतरवली, तिच्यावर ओलं फडकं टाकलं आणि खुर्चीत बसल्या. त्या दिवशी बाजारात त्या दोन तास उशिरा पोचल्या. पण सून कुठे गेली, हे त्यांनी बाजारातल्या सगळ्या बायकांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या तिघी स्वतः खात्री करून घ्यायला आल्या.

आता वाटेत खुर्च्या आल्या, खुर्च्यांत माणसं आली. रॉकी सायकल घेऊन शिरला तो इतिहासाच्या कपाटाशी अडकला.

"आंटी, ये रस्ता आहे की काय आहे?"

"वाचनालय आहे, रॉकी."

"कधीपासून?"

त्याने सायकल उलटी काढली आणि बडबडत बाहेरच्या वळशाने गेला. ज्यांना खरंच घाई होती ते हळूहळू सगळेच वळशाने जाऊ लागले. उरले ते सकाळी एकदा यायचे, बसायचे आणि दिवेलागणीला एकदा उठायचे.

हरेश्वर रोज संध्याकाळी विनिता मॅडमना आकडा सांगायला येई. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "मॅडम, आठशे दहा." मग, "मॅडम, चारशे." भेटीच्या चार दिवस आधी तो दारातच थांबला आणि खाली बघून म्हणाला, "एकशे अठरा."

"असं कसं होईल? वाडीतली माणसं येईनाशी झाली?"

"येतात ना. पण हलत नाहीत."

विनिता मॅडम वाचनालयात धावल्या आणि दारातच थिजल्या. एकही खुर्ची रिकामी नव्हती. खिडकीच्या कठड्यावर माणसं होती. विद्यार्थीही होते, कारण एवढे लोक कशासाठी जमतात ते बघायला ते आले होते आणि जागा सोडली तर जाईल म्हणून बसून होते. इतकं शांत होतं, की बाहेर केळीचं पान पानाला घासलेलं ऐकू येत होतं. आणि दारावरचं यंत्र, लाल डोळा उघडा ठेवून, कुणीतरी ये-जा करील म्हणून वाट बघत होतं.

मॅडमनी आकडे जुळवून बघितले. समितीच्या हातात कागद अकराशे आठचा, आणि यंत्रावर एकशे अठरा. त्या जगन्नाथआबांपाशी गेल्या आणि कुजबुजल्या, "आबा, जरा उठता का?"

"का? आग लागली?"

"नाही. या दाराने बाहेर जायचं आणि परत आत यायचं. आठ-दहा वेळा. पाय मोकळे होतील."

"माजे पाय मोकळेच हायत. डोकं गुतलंय."

"काकू, तुम्ही तरी?"

"थांब गो बाय, नवरा परत आलाय तिचा."

शेवटी मॅडमनी हरेश्वरला कामाला लावलं. तो बिचारा दारातून आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिला. साठाव्या फेरीला त्याचा गुडघा बोलू लागला. सत्तराव्या फेरीला मटिल्डाबाई उठल्या आणि त्यांनी त्याचा हात धरला.

"बस. पाणी पी. आणि मॅडम, तुम्ही वाचणाऱ्या माणसांना उठवताय, हे कळतंय का तुम्हाला?"

"मी तुमचा हॉल वाचवतेय!"

"हॉल कशासाठी वाचवायचा?" मटिल्डाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण विनिता मॅडमना एकदम आपण चपला घालून कुणाच्या देवघरात शिरल्यासारखं वाटलं. त्या आल्या पावली परतल्या. मघाशी आत येताना यंत्राने त्यांचा तेवढा एक आकडा वाढवला होता.

समिती आली. अध्यक्षा दूरच्या विद्यापीठातल्या असल्या तरी त्यांचं माहेर साताऱ्याचं, त्यामुळे मराठी घरचीच. त्यांनी पंखे बघितले, झाडं बघितली, चहा नाकारला. जयवंत सरांनी आपला आणि त्यांचा असे दोन्ही कप प्यायले. साडेअकराला सगळे वाचनालयाच्या दाराशी आले. अध्यक्षाबाईंनी यंत्राकडे बघितलं. एकसष्ट.

"प्राचार्य, इथे तर अकराशे हवेत."

"मॅडम, दिवस अजून जायचाय," सर म्हणाले.

आतून जगन्नाथआबांचा आवाज आला. "दारात कोन ते? उजेड अडतोय!"

अध्यक्षा आत आल्या. बसायला जागा नव्हती, म्हणून शांताकाकूंच्या शेजारी उभ्या राहिल्या. "मावशी, रोज येता का इथे?"

"येते तर. चार वर्सं झाली."

विनिता मॅडमनी सुटकेचा श्वास घेतला. तो अर्ध्यावरच अडकला, कारण काकू पुढे बोलत होत्या. "पयलं दिसातून चार येळा यायची. तवा काय वाचत नव्हते. हिकडून घुसायचं, तिकडून बाजारात निघायचं. सगळी वाडीच जायची. आता एकदाच येते. आता बसते."

संस्थेचे अध्यक्ष शत्रुघ्नराव समितीच्या मागेच उभे होते. त्यांनी हॉलच्या छताकडे बघितलं, तिथे एसी कुठे बसेल ते ठरवत असल्यासारखं. समितीच्या अध्यक्षांनी फाइल उघडली, अकराशे आठवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ग्रंथपाल कोण?"

मटिल्डाबाई पुढे झाल्या.

"हा आकडा खोटा आहे?"

"नाही मॅडम," त्या म्हणाल्या. हातातलं फडकं त्यांनी घट्ट धरलं होतं. "आकडा खरा होता, वाचक खोटे होते. आता वाचक खरे झाले आणि आकडा गेला. दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते मला येत नाही."

अध्यक्षाबाईंनी भरलेल्या खुर्च्या एकदा बोटाने मोजल्या. मग त्यांनी फाइल मिटली आणि पुढचा पाऊण तास समितीचा अहवाल बाजूला राहिला, कारण जगन्नाथआबांनी त्यांना करप्यावरच्या पुस्तकातल्या एकवीस चुका दाखवायला घेतल्या. साताऱ्याला अध्यक्षाबाईंच्या भावाची केळीची बाग होती. एकविसातल्या दोन चुका त्यांना मान्य झाल्या नाहीत, आणि त्यावरून आबांशी त्यांचं चांगलंच वाजलं.

महिन्याने निकाल आला. श्रेणी होती तीच राहिली, वर गेली नाही आणि खालीही आली नाही. 'वाचनालयातील दैनंदिन उपस्थिती' या रकान्यात शून्य गुण होते. विनिता मॅडमचा चेहरा उतरला. शत्रुघ्नरावांनी निकाल हातात घेतला, शून्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "झालं. मी काय सांगत होतो? पुस्तकं जिमखान्यात."

"साहेब, शेवटचं पान राहिलंय," जयवंत सर हलकेच म्हणाले.

शेवटच्या पानावर शिफारस होती. एकच. "वाचनालयाची जागा वाचकांना अत्यंत अपुरी आहे. लगतची खोली तातडीने वाचनालयास जोडावी. पूर्ततेची पाहणी सहा महिन्यांत होईल."

लगतची खोली म्हणजे शत्रुघ्नरावांचं दालन. तिथे त्यांची शिसवी खुर्ची होती, संस्थापकांची तसबीर होती, आणि कॉलेजातला एकमेव एसी होता.

मधली भिंत पाडायला गवंडी आले, त्याला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी शत्रुघ्नराव आपलं उरलंसुरलं सामान न्यायला आले. मटिल्डाबाई नव्या जागेत कपाटं लावून घेत होत्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कपाटांपेक्षा भिंती जास्त मिळाल्या होत्या, आणि कुठलं कपाट कुठे लावावं या सुखात त्या सकाळपासून हरवल्या होत्या. त्यांनी अध्यक्षांना बघितलंच नाही.

शिसवी खुर्चीत शांताकाकू बसल्या होत्या. पाटी पायाशी, पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर. एसीच्या वाऱ्याने फडक्याखालचा मोगरा सगळ्या खोलीभर पसरला होता.

शत्रुघ्नराव खाकरले. ते खाकरले की संस्थेतली माणसं उठून उभी राहत, असा बावीस वर्षांचा अनुभव होता.

काकूंनी मान वर केली नाही. ओळीवरचं बोट तसंच ठेवून दुसऱ्या हाताने त्यांना थांबायची खूण केली. "येवढी दोनच पानं ऱ्हायलीत," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खुर्ची एकही मोकळी नव्हती. मग त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, आणि भिंतीला पाठ लावून, ती दोन पानं संपायची वाट बघत ते उभे राहिले.